नळ्या वाजवायचा दिवस

नवरा बहिरा असला तर बाईचं निभतं. नवरा बहिरा आहे आणि ते कोणाला कळू द्यायचं नाही, हे मात्र निभत नाही. मी ते करून पाहिलंय, म्हणून सांगते.

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. लोक पुना मिस्तरी म्हणत, तेवढं पुरे. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा काळ. आम्ही जळगावशेजारी पिंप्राळ्याला राहायचो, आणि मी रतिलालशेठच्या जिनमध्ये कामाला जायची. कपाशीतून सरकी वेगळी करायची तिथली यंत्रं वाफेवर चालत आणि वाफ व्हायची बायलरमध्ये. आगगाडीच्या इंजिनासारखा आडवा पडलेला बायलर तो. त्याच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी नळ्या घातलेल्या. नळ्यांच्या आतून जाळ जायचा, बाहेरून पाणी उकळायचं. हंगाम संपला की बायलर थंड पडे, आणि मग पावसाळाभर गंज त्या नळ्यांना गुपचूप खात बसे. वरून काही दिसायचं नाही. फोडून बघावी तर चांगली नळी हकनाक जाते. म्हणून दसऱ्याच्या सुमारास, बायलर पेटवायच्या आधी, यांना बोलावणं येई.

यांचं काम दिसायला सोपं. बायलरचं पुढचं दार उघडायचं, लहान हातोडीने एकेका नळीच्या तोंडावर ठोका द्यायचा आणि ऐकायचं. धड नळी खणकन वाजते. आतून खाल्लेली, चिरलेली नळी बद्द वाजते. धड असली की हे ओरडत, ‘पास’. नसली की ‘बाद’, आणि खडूने फुली. फुलीची नळी काढून तिथे नवी बसवत. सरकारी साहेब येऊन सही करून जाई, पण जळगावपासून धुळ्यापर्यंतचे शेठ लोक बायलर पेटवायचे ते यांनी वाजवल्यावरच. एवढा मान या कानाला.

नळ्या वाजवायच्या दिवशी जिनमध्ये एक रीत होती. बायलरला नारळ फोडला की सगळी माणसं आवारात उभी राहत, एकीकडे गडी, एकीकडे बायका. यांनी हातोडी उचलली की कोणी खोकायचं नाही. बायका आपापल्या बांगड्या मुठीत घट्ट धरत, काकण किणकिणलं तरी यांच्या कानाला अडथळा नको म्हणून. शेठसुद्धा पायातले जोडे काढून उभे राहायचे. इतकी शांतता की पिंपळावरचा कावळा उडाला तर त्याचे पंख ऐकू येत.

आणि ही शांतता कशाला, ते सगळ्यांना ठाऊक होतं. धुळ्याकडच्या एका जिनमध्ये खराब नळी राहून गेली होती. भर हंगामात ती फुटली, आणि उकळतं पाणी भट्टीच्या दारातून समोर उभ्या आगवाल्याच्या अंगावर आलं. त्या माणसाला मी नंतर पाहिलं. जास्त सांगत नाही. आमच्या जिनचा आगवाला झुलाल, माझ्या शेजारणीचा, सुंदरबाईचा नवरा. भट्टीच्या दारासमोर दिवसभर तोच उभा असे.

आता या कानाची गंमत ऐका. ज्या माणसाने तरुणपणापासून बायलरच्या पोटात बसून लोखंडावर लोखंड आपटलं, त्याचे कान शाबूत राहतील कसे? हळूहळू गेले. आधी मला वाटलं, हे मुद्दाम ऐकत नाहीत. नवऱ्यांना ती सवय असतेच. मी चिडायची, हे हसायचे. मग एकदा आम्ही बाजारात माठ घ्यायला गेलो. यांनी माठ उचलला, बोटाने वाजवला, मान डोलावली आणि माझ्या हातात दिला. मी वाजवून बघितला तर सरळ फुटका. चिंधा कुंभार भला माणूस, तोच म्हणाला, “मिस्तरी, हाई तडकेल शे. दुसरा ल्या.”

यांना ऐकू आलं नाही, पण त्याची मान हललेली दिसली. यांना वाटलं कुंभार माठ किती पक्का ते सांगून भाव वाढवतोय. भर बाजारात म्हणाले, “माले शिकाडू नको. बायलरनी नळी वळखस मी, तुनं मडकं काय घी बसना.” आजूबाजूची माणसं हसली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तो फुटका माठ डोक्यावर घेऊन मी घरी आले, कारण नको म्हटलं असतं तर तिथेच उघडं पडलं असतं. तो माठ दिवसभर पाझरत होता आणि मी फडक्याने पुसत होते.

त्या रात्री मी यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, “ऐकू येत नाही ना?” हे डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, कान गेला तर मी मिस्तरी कशाचा, लोक कुत्रं हाकलावं तसं हाकलतील. माझ्या हातात हात ठेवून कोणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. मला राग असा आला होता की विचारू नका. मी म्हटलं, “आणि झुलाल मेला तर?” हे यांना तीनदा ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी सुंदरबाईने भिंतीपलीकडून विचारलं, “कोन मरनं वं ताई?” मी म्हटलं, “मांजर.”

बहिऱ्याच्या घरात असंच. गुपित सांगायचं तर गल्लीला सांगावं लागतं. शिवाय यांचा स्वतःचा आवाजही यांना कळेनासा झाला होता. हे कुजबुजले तरी शेजारचं पोर दचकून उठे. म्हणून आम्ही खुणांवर आलो. भाकरी, पाणी, उठा, बसा, सगळं हातांनी. लोकांना वाटलं आमचं भांडण झालंय.

झुलालच्या जिवासाठी आणि यांच्या नावासाठी मग मीच तोड काढली. माठ वाजवून घेणाऱ्या बाईला धड आणि फुटकं कळत नाही असं नाही. नळ्या वाजवताना मी बायकांच्या रांगेत पुढे उभी राहीन, ऐकीन, आणि खूण करीन. हातवारे केले तर दिसतील. म्हणून खूण ठरली पदराची. डोक्यावरचा पदर आहे तसा राहिला, तर नळी पास. मी तो पुढे ओढून कपाळ-डोळे झाकले, तर बाद. बाई दिवसातून शंभरदा पदर सारखा करते, त्याकडे कोण बघतं?

पहिल्या वर्षी झकास जमलं. यांनी ठोका द्यायचा, एकदा मागे वळून माझ्याकडे बघायचं, आणि मग ओरडायचं. लोकांना दिसलं ते एवढंच की मिस्तरी प्रत्येक ठोक्याला बायकोकडे बघतो. सुंदरबाई काय सोडते? घरी येताना म्हणाली, “काय वं ताई, या वयमा बी? तुना नवरा तुले बठ्ठा वखत देखत ऱ्हास.” बायका पदरात तोंड घालून हसल्या. चारचौघांत नवऱ्याने बायकोकडे असं बघणं म्हणजे केवढी लाज, पण ती मी मुकाट गिळली. त्या मोठ्या लाजेपेक्षा ही परवडली.

पण मी एक गोष्ट विसरले. मी सून आहे हे विसरले.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याआधी नळ्या वाजवायचा दिवस आला. नारळ फुटला, शेठनी जोडे काढले, बायकांनी बांगड्या धरल्या. यांनी वाजवायला घेतलं. खण. पदर जागच्या जागी. ‘पास’. खण. ‘पास’. वरच्या ओळी निघाल्या. मधल्या ओळीत एक ठोका पडला. अगदी त्या माठासारखी वाजली ती नळी. मी पदर ओढला. हे वळले, बघितलं आणि ओरडले, ‘बाद’. फुली मारली. झुलालने छातीवर हात ठेवला. मी पदर मागे सारला आणि मनात म्हटलं, चला, आजचं काम झालं.

तेवढ्यात फाटकातून मगन आबा आत आले.

आबा म्हणजे यांचे थोरले भाऊ, माझे जेठ. धुळ्याच्या वाटेवर आमचं गाव, तिथे ते शेती बघत. आईबाप गेल्यावर यांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं. दोर घ्यायला जळगावच्या बाजारात आले होते, तिथे कळलं की आज भाऊ नळ्या वाजवतोय. भावाचं एवढं नाव ऐकलेलं, पण त्याचं काम कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. म्हणून हौसेने आले, आणि शेठच्या शेजारी, अगदी माझ्या समोर, येऊन उभे राहिले.

आता आमच्याकडे जेठासमोर सून तोंड दाखवत नाही. त्यांची सावली दिसली तरी पदर हनुवटीपर्यंत येतो आणि मान खाली जाते. कोणी सांगावं लागत नाही. ताप आला की अंग कापतं तसा हात आपोआप जातो. माझा गेला. पदर हनुवटीपर्यंत, मान खाली.

पलीकडे ठोका पडला. खण, देवळाच्या घंटेसारखा. आणि यांचा आवाज आला, ‘बाद’.

पुन्हा खण. पुन्हा ‘बाद’. पदराआड मला बायलर दिसेना, फक्त ऐकू येत होतं. खण, बाद. खण, बाद. खडू लोखंडावर करकरत होता. मी हात वर नेला, पदर धरला, आणि तो हात तिथेच अडकला. समोर आबा. सगळं आवार. शेठ. लग्न झाल्यापासून ज्या माणसाला मी तोंड दाखवलं नव्हतं, त्याच्यासमोर भर दुपारी पदर वर करू? आणि का केला म्हणून सांगू? मला नाही झालं ते. आजही कोणी मला म्हटलं की एवढीशी गोष्ट, करायची होती, तर मी त्याला म्हणते, तू कर.

आवारात कुजबूज सुरू झाली. नळ्या धड वाजत होत्या ते लहान पोरालासुद्धा कळलं असतं. तरी मिस्तरी सरसकट फुल्या मारत चाललेला. रतिलालशेठ म्हणाले, “मिस्तरी, थांबा. ही तर छान वाजते.” हे थांबतील कसे? खण, बाद. शेठचा आवाज चढला. “मिस्तरी, मी काय म्हणतो?” गडी हसायला लागले. आबा मात्र हसले नाहीत. मला त्यांचे पाय दिसत होते, पदराच्या खालून. धुळीने भरलेले, आणि हलत नव्हते.

मग शेठ चिडून झुलालला म्हणाले, “याला आज काही झालंय. सगळ्याच फुल्या खोट्या. पूस त्या, दार लाव. उद्या पेटव.”

सगळ्याच खोट्या नव्हत्या. एक खरी होती. ती खरी आहे हे फक्त मला ठाऊक, आणि उद्या तिच्यासमोर झुलाल उभा राहणार. माझ्या शेजारी सुंदरबाई बांगड्या धरून उभी होती, तिचा कोपर माझ्या कोपराला लागत होता. मला बोलायचं होतं. बोलले तर हे गेले, नाही बोलले तर झुलाल गेला.

आणि तेव्हा हे हातोडी ठेवून माझ्याकडे चालत आले.

यांना वाटलं असणार, काहीतरी बिनसलंय, हळूच विचारून यावं. लोकांकडे पाठ केली, माझ्या पदराशी वाकले, आणि आपल्या समजुतीने अगदी बारीक आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाशी हात धरून, म्हणाले:

“पदर वर कर ना वं. माले काहीच ऐकू येत नही. तू दाखाडस तेच मी बोलस. बठ्ठ्या नळ्या बाद कश्या व्हतीन? नीट दाखाड. आन् कोनले समजू देऊ नको.”

जिनच्या पत्र्यावरून तो आवाज घुमून परत आला. फाटकाबाहेरचा गाडीवानसुद्धा वळून बघायला लागला.

मी लाजेने पाणी पाणी झाले. माझ्या अंगावर कपडे आहेत की नाहीत असं मला वाटलं. आता हसतील, आता कोणीतरी टाळी देईल, याची मी वाट बघत होते. हसले असते तर बरं होतं हो. मी चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण कोणी हसलं नाही. आवार इतकं गप्प झालं, जितकं यांनी हातोडी उचलल्यावर व्हायचं.

हे सरळ उभे राहिले आणि तेव्हा यांना आबा दिसले. पदर का खाली आला ते यांना क्षणात समजलं. चेहरा खुलला. जाऊन पाया पडले. “आबा, कधी उनात तुम्ही?” आबांनी यांच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच राहिला. आबा काही बोलले नाहीत, बोलून उपयोग नाही हे त्यांना आता कळलं होतं. मग ते शेठकडे वळून, माझ्याकडे न बघता, म्हणाले, “शेठ, मी बाहेर बसस जरा. तमाखू खावानी शे.” आणि गेले. फाटकाबाहेर लिंबाखाली जाऊन बसले, जिनकडे पाठ करून. तंबाखूची चंची त्यांनी काढलीच नाही, ते मी पाहिलं.

माझ्यासाठी उठून गेले ते. सुनेने पदर वर करावा म्हणून जेठाने पाठ फिरवली. असं मी कुठे ऐकलं नाही.

शेठ खाली बघत उभे होते. मग त्यांनी यांच्यासमोर जाऊन बोटाने हवेत गोल काढला आणि वरच्या ओळीकडे दाखवलं. पहिलीपासून पुन्हा. झुलालने ओलं फडकं घेऊन सगळ्या फुल्या पुसल्या, एकही न ठेवता. आणि माझ्या शेजारी, जी वर्षभर मला चिडवत होती त्या सुंदरबाईने, बांगड्या पुन्हा मुठीत धरल्या. तिच्यामागे सगळ्या बायकांनी धरल्या. कशासाठी? ज्याच्यासाठी धरायच्या त्याला तर ऐकूच येत नव्हतं, आणि ते आता सगळ्यांना माहीत होतं. तरी धरल्या.

मी पदर मागे घेतला. माझे डोळे वाहत होते, पण कान शाबूत होते. हे ठोका देत, वळून बघत, ओरडत. पास. पास. माझ्याकडे बघायची कोणाची हिंमत नव्हती. सगळे जण बायलरकडे बघत होते, जणू बायलरच बोलतोय. मधल्या ओळीत ती नळी आली. बद्द. पदर खाली. ‘बाद’.

बाकी सगळ्या पास झाल्या. काम संपल्यावर हे शेठजवळ गेले आणि घाम पुसत म्हणाले, मघाशी नळ्यांत ओल होती म्हणून खोट्या वाजल्या, आता बरोबर वाजल्या. शेठनी मान डोलावली. कोण कशाला विचारतंय?

झुलालने ती नळी तिथल्या तिथे कापून काढली. मधोमध कागदासारखी झाली होती. त्याने अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला. तो उठला आणि यांच्या पाया पडला. हे हसून मागे सरले. मग तो माझ्याकडे बघणार होता, पण मी तोंड फिरवलं. मला ते सोसलं नसतं.

त्यानंतरही हेच नळ्या वाजवत राहिले, हात थरथरायला लागेपर्यंत. नळ्या वाजवायच्या दिवशी शेठ कोणीतरी गडी फाटकावर उभा करत, आमच्या गावचं कोणी आलं तर बाहेरच बसवायला. जिनमधल्या एकाही माणसाने बाहेर शब्द काढला नाही. लोक म्हणतील, किती चांगली माणसं. चांगलीच होती. पण रोज त्यांच्यात जाऊन काम करायचं होतं ते मला. पाणी प्यायला गेले तरी बाया बाजूला सरायच्या, आवाज हळू व्हायचा. सुंदरबाईने मला पुन्हा कधी चिडवलं नाही. ते चिडवणं गेलं ते मला फार लागलं.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी निघालो. आबा पुढे, मधे हे, मागे पदर ओढून मी. पिंप्राळ्याची गल्ली आली. उन्हं उतरली होती. बायका दारात निवडत-पाखडत बसलेल्या, माणसं ओट्यावर. जिनमधल्या काही आमच्या आधी पोचलेल्या. हे खुशीत होते. थोरल्या भावासमोर काम दाखवलं, भावाने डोक्यावर हात ठेवला, त्याहून मोठं यांना काही नव्हतं. चालता चालता मागे वळले, तोंडाशी हात धरला आणि मला हळूच विचारलं:

“कोनले समजनं नही ना?”

सुपं थांबली. पुढे चालणारे आबा थबकले, पण त्यांनी मागे पाहिलं नाही.

मी मान हलवली. नाही, कोणाला नाही.

यांनी समाधानाने मान डोलावली आणि पुढे चालू लागले. दारादारांतून माणसं खाली बघत होती. आम्ही घरी पोचेपर्यंत कोणी वर पाहिलं नाही.